कमरेला बांधलेला मासा

बाबा, आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. मोतीबिंदू होता, गडचिरोलीला नेलं होतं. आता काळा चष्मा लावून ती छपरीत बसलेली असते आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला चालीवरून ओळखून दाखवते. मी पंधरा दिवसांची सुट्टी काढून आलो आहे. चुलीच्या धुरात बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून स्वयंपाक मीच करतो, आणि ती माझ्या भाजीला नावं ठेवत दोन भाकरी जास्तच खाते. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. तुम्ही असतानाही मी पत्र लिहिणारा नव्हतो आणि तुम्हीही वाचणारे नव्हतात. आज बसलो, कारण सोळा वर्षांपूर्वी मी तुमच्याशी एक खोटं बोललो होतो आणि ते आता माझ्यावरच उलटलं आहे.

सुरुवात आपल्या तलावापासून करावी लागेल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुम्ही डोंगा घेऊन पलीकडच्या पाळीकडे जायचात, तिथं बुडालेल्या झाडांच्या खुंटांत जाळं अडकायचं. ते सोडवायला तुम्ही बुडी मारायचात, आणि वर येताना पाळीच्या दगडांच्या कपारीत हात घालून एखादी मरळ धरूनच यायचात. डोंगा वाहत लांब गेलेला असायचा. मग पाण्यातल्या पाण्यातच माशाच्या कल्ल्यातून दोरी ओवायची आणि ती कमरेच्या करदोड्याला बांधायची, की पुन्हा बुडी. तुमच्या कमरेला चार-चार मरळ लोंबत असत आणि तुम्ही पाळीवर चढलात की त्या मांडीवर शेपट्या आपटत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना पहिली मरळ धरली ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून. खाली जाळ्यात पाय गुंतला होता, आणि मला ना मासा सोडवत होता ना पाय सोडवता येत होता. तुम्ही केसाला धरून वर काढलंत. पाळीवर उलटी झाली, नाकातोंडातून पाणी आलं, आणि ते पुरतं बाहेर यायच्या आत तुम्ही विचारलंत, "मासा सोडाले काय झालं होतं?"

"पहिला होता," मी म्हणालो.

"हात मोकळे ठेवाचे रे. पाण्यात हात भरले का माणूस गेला. मासा कमरेले, हात पाण्याले. समजलं?"

समजलं होतं. तुम्ही मारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी अंबाडीची वीतभर दोरी वळून, एका टोकाला बाभळीच्या काट्याची सुई बांधून माझ्या करदोड्याला लावून दिलीत. पोरांत कोणाकडेच तशी नव्हती. मी ती लावून शाळेतही गेलो, मास्तरांनी विचारलं तर ताईत आहे म्हणून सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वैनगंगेवरच्या पुलाच्या कामाला बुडी मारणारा माणूस हवा होता, मी गेलो, आणि माझा दम पाहून तो ठेकेदार मला अंदमानला जेटीच्या खांबांच्या कामावर घेऊन गेला. तिथून मी एका डायव्हिंग सेंटरात लागलो. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवायचा. फोनवर तुम्ही म्हणालात, "पाणी पाहाचे पैसे देतेत लोकं?" आणि बराच वेळ हसलात. मग विचारलंत, तिथं मोठे मासे आहेत का. आहेत म्हणालो. शार्कचं नाव सांगितलं तर तुम्हाला ते नीट म्हणता येईना. खवले नसलेला, माणसाएवढा, सतत फिरता राहणारा मासा, एवढंच मी तेव्हा सांगू शकलो, कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. पर्यटकांची फेरी संपली होती, ते किनाऱ्यावर जाऊन नारळपाणी पीत होते. बोट बांधायच्या साखळीची कडी झिजली आहे का ते पाहायला मी एकटाच खाली गेलो, वर बोटीत फक्त नावाडी. साखळीपाशी फाटक्या जाळ्याचा एक तुकडा गुरफटलेला होता आणि त्यात एक मासा अडकलेला, अर्धमेला, जाळ्याच्या धाग्यानं कापलेला. चांगला दोन किलोचा. तिथं आमच्यासारख्यांनी मासा धरायला मनाई आहे, पण हा तर मरणारच होता. मी जाळं कापलं. हातात मासा, साखळीचं काम बाकी, आणि बाबा, पुढचं मी विचार करून केलंच नाही. जाळ्याचीच दोरी कल्ल्यातून ओवली आणि कमरेच्या पट्ट्याला गाठ मारली. मासा कमरेला, हात पाण्याला. रक्त सुटत होतं. आपल्या तलावात त्या रक्ताला विचारतो कोण? एखादा खेकडा.

शार्क मला आधी दिसली नाही. उजव्या कुशीवर कोणीतरी गाडीनं धडक द्यावी तसा धक्का बसला. वळून पाहिलं तर करडी पाठ लांब जात होती आणि पाण्यात हिरवट काळं काहीतरी पसरत होतं. खोल पाण्यात रक्त लाल दिसत नाही, हे मी पर्यटकांना नेहमी सांगायचो. तिनं एकदाच तोंड मारलं, मासा नेला, आणि माशासोबत माझ्या कुशीचं जे आलं ते आलं. माझ्याशी तिचं काही वैर नव्हतं. ताटातलं उचलताना ताट धरणाऱ्याचं बोट चावलं जावं, तितकंच. नावाड्यानं मला ओढून बोटीत घेतलं आणि टॉवेल आणायला वळला. कमरेला दोरीचा तुटका तुकडा तसाच लोंबत होता. दुखण्यानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी तेवढ्यात मी ती गाठ सोडली आणि दोरी समुद्रात टाकली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. माणूस मरायला टेकला तरी अब्रू आधी झाकतो, हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

दवाखान्यात सगळ्यांनी एकच विचारलं: मालकानं, सरकारी माणसानं, कोळ्यांच्या म्होरक्यानं. जवळ काही खाणं होतं का? मासा होता का? मी म्हणालो, काही नव्हतं, अचानक आली, आणि तसं लिहिलेल्या सरकारी कागदावर सहीही केली. का म्हणालो ते सांगतो. मनाई असताना मासा घेतला होता, नोकरी गेली असती, हे एक. दुसरं म्हणजे तिथले बाकीचे सगळे समुद्रकाठचे होते. मला ते "तालाबवाला" म्हणत. थट्टेनंच म्हणत, पण म्हणत. त्यांच्यासमोर मी कसं सांगू की माझ्या बापानं मला मासा कमरेला बांधायला शिकवलं? ते तुम्हाला हसले असते. मला ते नको होतं.

माणसाच्या जवळ काही नसताना शार्क चावते म्हटल्यावर ती नरभक्षकच ठरते. आपल्याकडे वाघाचं होतं तसंच. पर्यटक परत जायला लागले. तीन दिवस कोळ्यांनी त्या पाण्यात आमिष लावून गळ टाकले. चौथ्या दिवशी मी टाके धरून काठीच्या आधारानं जेटीवर गेलो. सात शार्क ओळीनं मांडल्या होत्या. मला चावलेली कोणती, कोण सांगणार? चावली ती त्यात होती की नव्हती, तेही माहीत नाही. एकीचं पोट फाडलं तर आतून पिल्लं निघाली, चार, हातभर लांब, तयार झालेली. एक थोडं हललं. लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, घे, तुझा हिशेब चुकता. मी हात जोडले. एक वाक्य बोललो असतो तर पहिल्याच दिवशी गळ परत गेले असते. नाही बोललो.

तुम्हाला म्हणून सांगतो, तुम्हाला ते लगेच पटेल. आपली मच्छीमार सोसायटी तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडते, दोन वर्षांत ताटाएवढा मासा. एक मादी लाखानं अंडी टाकते. शार्कचं तसं नाही. तिला वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात, मग जेमतेम चार-पाच पिल्लं, आणि तीही दरवर्षी नाही. जाळ्यात सापडतात, पंखांसाठी मारतात, आणि त्यांचं बीज सोडणारी सोसायटी जगात कुठंच नाही. त्या किनाऱ्याला पुढची तीन वर्षं मला एकही मोठी शार्क दिसली नाही. मी रोज त्याच साखळीपाशी उतरायचो आणि पाहायचो. खाई त्याला खवखवे, त्यातली गत.

तेव्हापासून माझं काम बदललं. शार्कबद्दल जे कोणी शिकवेल त्याच्याकडून शिकलो. आता लोक मुद्दाम शार्क पाहायला येतात, आणि त्यांना खाली नेणारा मी. धोका नाही असं मी कधी म्हणत नाही. अंगठी-साखळी वर काढून ठेवा, चकाकतं ते मासोळीसारखं दिसतं. हातपाय झाडू नका. गढूळ पाण्यात आणि दिवस मावळताना उतरायचं नाही. ती जवळ आली तर तिच्याकडे तोंड ठेवा, पाठ फिरवून पळू नका. हात लावायला जाल तर त्या हाताची जबाबदारी माझी नाही. एवढं पाळलं तर बहुतेक वेळा ती लांबून पाहते आणि निघून जाते. लोक माझ्या कुशीवरचा व्रण पाहून विचारतात. मी सांगतो, शार्क चावली, तरी मी उतरतो. टाळ्या वाजवतात. मासा मी त्यातून वगळतो.

आता गोष्ट अडली आहे ती इथं. नवा मालक आला आहे. शार्क दिसल्या नाहीत की पर्यटक कुरकुर करतात, म्हणून पाण्यात माशांच्या डोक्यांची बादली टांगायची असं त्यानं ठरवलं आहे, म्हणजे शार्क हमखास येतील. मी विरोध केला. बोटीच्या आवाजाबरोबर खाणं मिळतं हे त्यांना आठवड्याभरात कळेल, मग माणूस दिसला की त्या खाणं शोधायला जवळ येतील, कोणाचा तरी हात जाईल, आणि हात गेला की पुन्हा गळ लागतील. येत्या मंगळवारी कोळी, नावाडी, वनखात्याची माणसं अशी सगळ्यांची बैठक आहे, तिथं ठरणार. निघायच्या आधी मालकानं मला बसवून समजावलं. फार शांतपणे बोलला. म्हणाला, खाण्याचा आणि चावण्याचा संबंधच नाही. या पाण्यात आजवर एकच माणूस चावला गेला, तो तू, आणि तुझ्याजवळ तर काहीच नव्हतं, तसं तुझ्याच सहीनं लिहिलेलं आहे. बैठकीत तो कागद मी दाखवणार आहे.

हे मी आईला सांगितलं, बादलीपर्यंतचं. कागदाचं नाही. तिनं डोळ्याचे थेंब टाकून घेतले, वर पाहतच म्हणाली, "वाघाले रोज बकरी बांधून गाडीवाल्यांले दाखवसान, तं वाघ गाडीपाशी बकरीच पाहान ना बापा. याले काय शिकाले लागते?" मंगळवारच्या बैठकीत यापेक्षा सरळ कोणी बोलेल असं वाटत नाही.

आणि मग आज सकाळी सोसायटीतला तुमचा जोडीदार, ज्याच्यासोबत तुम्ही जाळं टाकायचात तो, आईला पाहायला आला. थेट तलावावरून, ओल्या अंगानं, कमरेला दोन मरळ लोंबत होत्या. आईनं काळ्या चष्म्यातून त्या कशा पाहिल्या कोण जाणे. म्हणाली, "भाऊ, कमरेचा मासा माह्या घरात नोको आणू. आंगणात ठेव." त्यानं मुकाट्यानं दोरी सोडून मासे बाहेरच्या टोपल्यात टाकले. त्याला ते नवीन नव्हतं असं दिसलं. तो गेल्यावर मी विचारलं, हे काय नवीन?

"नवीन कायचं? तू कुशीले लागून आला तेव्हापासून आहे," आई म्हणाली. "तुह्या बाबानं त्या दिवसापासून मासा कमरेले बांधलाच नाई. डोंग्यात टाके. डोंगा वाहून जाये, घारी उचलून नेत, लोकं हासत, तरी टाके. सोसायटीतल्या पोरांले बांधू नोको म्हणून भांडे."

मला तो दिवस आठवला. आठवला कसला, तो गेलाच कधी? व्रण ताजा, गुलाबी. मी पाळीवर सदरा घालून बसलोय आणि तुम्ही पाण्यातून म्हणता, "पोहाले काऊन नाई उतरत?" मी सदरा काढतो. तुम्ही वर येता, ओला अंगठा व्रणाच्या त्या अर्ध्या गोलावरून एकदा फिरवता. मी सांगतो, बोटीच्या पंख्याचं पातं लागलं. तुम्ही म्हणता, "पातं सरळ कापते रे." मग दुसरीकडे पाहत, "कमरेले काही होतं का?" मी म्हणतो, "नाही, बाबा." तुम्ही परत पाण्यात उतरता. त्या दिवशी तुम्ही काय धरलंत, कशात ठेवलंत, मी पाहिलं नाही. मी तुम्हाला फसवलं याच समाधानात होतो. चोवीस वर्षांचा गाढव होतो.

"म्हणे, पोरगं सांगत नाई, पण मले समजलं," आई सांगत होती. "म्हणे, मीच शिकवलं त्याले. आजारात पडला तरी तेच. मी म्हणो, तो नाई म्हणते ना, मंग काऊन जीव जाळता? तं म्हणे, तो माह्यासाठी नाई म्हणते." मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. काळ्या चष्म्यात मला माझाच चेहरा दिसत होता. "खरं सांग रे. होतं काय कमरेले?"

मंगळवारी चाळीसेक माणसांसमोर उभं राहून बोलायचं आणि तो कागद खोटा आहे म्हणायचं, हे माझं आठ दिवसांपूर्वीच ठरलं आहे. विमानात बसायच्या आधीच ठरलं होतं. नोकरी जाईल, बहुतेक जाईलच. सात शार्कचं सांगेन, पिल्लांचं सांगेन. ही सवय मी कुठून आणली असं विचारलं तर माझ्या वडिलांनी शिकवली म्हणेन, आणि आमच्या तलावात ती बरोबर होती हेही म्हणेन. तालाबवाला म्हणून हसले तर हसू दे. एवढं सगळं डोक्यात जुळवून ठेवलेला मी, आईनं समोर बसून विचारलं तर काय म्हणालो असेन?

"नाई वं आई. काही नोहतं."

तोंडातून निघूनच गेलं. सोळा वर्षांची सवय. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मंग उगाच जळला बिचारा." आणि ती तुमच्यावर थोडी रागावलेली दिसली, इतकी वर्षं विनाकारण तिलाही त्रास दिलात म्हणून. बाबा, तुम्ही जे ओळखलं होतं ते बरोबर होतं. तुमचं शिकवणं चुकलं नव्हतं, मी पाणी कोणतं ते पाहिलं नाही. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि तुम्ही तीन वर्षं तरी मोकळ्या मनानं पाण्यात उतरला असता. त्या सात शार्कइतकंच हेही माझ्या नावावर आहे. मला फार वाईट वाटतं, आणि त्याला आता इलाज नाही.

पण आईच्या बाबतीत आहे. तुम्हाला उगाच जळलेला माणूस समजून ती बाहेर बसली आहे, आणि ते दुरुस्त करणं माझ्या हातात आहे. हे पत्र मी कुठं पाठवणार? फाडून चुलीत घालीन. खरं सांगायचं तर, बाबा, जेवण झाल्यापासून मी हे लिहितोय ते तुमच्यासाठी नाही. तिच्यासमोर जाऊन बसायची हिंमत होत नाही, म्हणून वेळ काढतोय.